मिरची, पळस, हळद, चुना

भेस्तान, सुरत
१८ नोव्हेंबर २०२४

भिवामामा आणि मामी,
सप्रेम जय भीम.

आई म्हणाली, भावाला फोन लाव. मी म्हटलं, लावून काय करू? चौतीस वर्षं गिरणीच्या बॉयलरपुढे उभं राहून मामांनी दोन्ही कान तिथेच ठेवले, आणि मोबाईलवरची अक्षरं त्यांना मुंग्यांसारखी दिसतात. म्हणून हा कागद. शिवाय बातमी कागदावर शोभेल अशीच आहे. मामा, या एक तारखेपासून मी शिफ्टची बॉयलर ऑपरेटर झाले. इच्छापोरच्या आमच्या वीजघरात या जागेवर आजवर बाई आलेली नाही. आमचे साहेब धर्मेंद्रभाई यांनी जागा दिली, पण लगेच म्हणाले की जानेवारीपर्यंत बघू, जमलं तर कायम.

लहानपणी मी इथल्या, सुरतेच्या तुमच्या गिरणीत डबा घेऊन यायचे, तेव्हा तुम्ही फावड्याने कोळसा आत फेकत असायचात. इथे फावडं नाही. इथे कोळसा दळतात, तोही मैद्याहून बारीक, आणि तो हवेबरोबर फुंकून आत सोडतात. खाली पडायच्या आधी तो हवेतच पेटतो. चार कोपऱ्यांतून चार ज्वाळा येतात आणि मधोमध गरगर फिरत एक होतात, चार मजले उंच. भिंतीतल्या बघायच्या भोकाला तुम्ही 'डोळा' म्हणायचात, आम्हीही तेच म्हणतो. पहिल्या दिवशी डोळ्याला डोळा लावला आणि खरं सांगते, तो बाजूला घ्यायचं विसरले. एवढी मोठी गोष्ट माझ्या बोटावर चालते यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

एक शंका मात्र आहे. दिवाळीत बॉयलर बंद होता तेव्हा कंपनीने नवे पाइप बसवले. तेव्हापासून आग मळकट दिसते. पूर्वी पांढरी लखलखीत असायची, आता केशरी आणि सुस्त. साहेब म्हणतात, अशीच हवी. मला ते बघवत नाही. तुम्ही काय म्हणता?

तुमची,
विशाखा


भुसावळ
२५ नोव्हेंबर २०२४

चि. विशाखा हिस,
जय भीम, आणि मोठी शाबासकी.

तुझं पत्र मी गल्लीतल्या चार जणांना वाचून दाखवलं. मला ऐकू येत नाही म्हणून मी मोठ्याने वाचतो, त्यामुळे उरलेल्या गल्लीलाही कळलं. तुझी मामी म्हणते, जरा हळू. ती पाटीवर लिहिते आणि मी वाचतो, असा आमचा संसार चाललाय. भांडण करायचं असलं की तिला पेन्सिल सापडत नाही, हा या पद्धतीचा मोठा फायदा.

आता कामाचं ऐक. आगीची एक शिडी असते, ती मला माझ्या उस्तादाने शिकवली. मिरची, पळस, हळद, चुना. भट्टी पिकल्या मिरचीसारखी लाल दिसली तर समज की ती झोपली आहे. पळसाच्या फुलासारखी केशरी झाली तर उठली. हळदीसारखी पिवळी झाली तर कामाला लागली. आणि चुन्यासारखी पांढरी झाली की मग ती राणी. मी चौतीस वर्षं माझी भट्टी चुन्यावर ठेवली. आमच्या चिमणीतून काळा धूर कधी निघाला नाही. दुसऱ्या गिरण्यांचे भट्टीवाले फायरमन यायचे आणि मान वर करून आमच्या चिमणीकडे बघत उभे राहायचे. काही म्हणजे काही दिसायचं नाही. शेटने एका दसऱ्याला सगळ्यांदेखत माझ्या हातात नारळ दिला होता, 'भिवाची चिमणी बघा, आरशासारखी स्वच्छ,' म्हणून.

तुझी आग पळसावर अडकली आहे. तिला हवा कमी पडते, दुसरं काही नाही. हे साहेब लोक पुस्तकातली आग बघून येतात. उपाशी माणसाला जेवण दे आणि मळकट आगीला हवा दे, एवढं सोपं आहे ते. खालची झडप उघड आणि बघ. डोळ्यापुढे निळी काच लावून आग बघायची आणि काच काढून विटा बघायच्या, हे विसरू नकोस.

आमची लेक कुसुम जळगावला बरी आहे असं मामी म्हणते. येणं फारसं होत नाही. तिची छाती लहानपणापासून नाजूक, थंडीत जपावं लागतं.

तुझा मामा,
भिवा


भेस्तान
८ डिसेंबर २०२४

मामा,
जय भीम.

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता लिहूनच टाकते.

तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात आमची चाचणी होती. प्रदूषण मंडळाचे लोक, नवे पाइप बसवणारी कंपनी, सगळे हजर. माझी शिफ्ट होती. डोळ्यातून बघितलं तर आग पळसावरच होती. मला तुमचं वाक्य आठवलं, उपाशी माणसाला जेवण दे. मी कुणाला न विचारता खालची झडप उघडली. आग फुलली, हळदीवर गेली, चुन्यावर गेली. मामा, इतकी सुंदर दिसली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि कंट्रोल रूममधून ओरडा आला. पडद्यावरचा आकडा तीनशेच्या आत हवा होता, तो पाचशे ऐंशी झाला होता. चाचणी गेली.

मी पहिल्या पत्रात तुमच्यापासून एक गोष्ट लपवली. आग मळकट का ठेवली आहे ते मला माहीत होतं. सांगितलं नाही, कारण तुम्हाला लागेल असं वाटलं. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं मी.

ऐका. आपण श्वासात घेतो त्या हवेत पाचातले चार भाग नायट्रोजन असतो. तो बिचारा काही करत नाही, आत जातो, बाहेर येतो. पण आग चुन्यासारखी पांढरी झाली आणि तिला भरपूर हवा मिळाली, की हा गरीब नायट्रोजनसुद्धा तुटतो आणि प्राणवायूला चिकटतो. कोळशाच्या पोटातही थोडा नायट्रोजन असतो, तोही हेच करतो. त्यातून जे होतं त्याला आम्ही नॉक्स म्हणतो, पडद्यावरचा तो आकडा त्याचाच. चिमणीतून निघताना ते दिसत नाही. पुढे उन्हात त्याची पिवळट धुंदी होते आणि माणसांच्या छातीत बसते. मामा, न दिसणाऱ्या धुरात ते असतं.

म्हणून खाली आगीला अर्धपोटी ठेवायचं, आणि राहिलेली हवा त्या नव्या पाइपांतून वरच्या मजल्यावर वाढायची. मग नायट्रोजनला चिकटायला प्राणवायू उरत नाही. शिवाय चौथ्या मजल्यावर आम्ही पाण्यात विरघळवलेला युरिया फवारतो. होय, कपाशीला घालतात तोच. आमचा भिकनदादा धुळ्याकडचा शेतकरी, तो पोती उघडताना म्हणाला, "ताई, वावरमा टाकानं खत आगमा कसाले टाकी ऱ्हायनात?" मीही हसले होते. पण तो युरिया त्या वायूला धरतो आणि पुन्हा साधा नायट्रोजन करून सोडतो. विषाची परत हवा होते. डोळ्याची पापणी लवायच्या आत हे घडतं. पहिल्यांदा समजलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तेही नीट होत नाही, हे वेगळं. रविवारी गिरण्यांना वीज कमी लागते, लोड निम्म्यावर येतो, की आकडा वर चढतो आणि चिमणीखाली मुतारीसारखा वास येतो. का ते कुणाला कळत नाही.

शेवटची चाचणी चौदा जानेवारीला, उत्तरायणाच्या दिवशी. त्या दिवशी गिरण्या बंद असतात, म्हणजे लोड निम्माच. धर्मेंद्रभाईंनी सांगून टाकलंय, यात आकडा उतरला नाही तर मला आगीवरून काढून कोळशाच्या गेटवर ट्रकच्या पावत्या फाडायला बसवतील. मी त्यांना दोष देत नाही. तुम्हाला तर मुळीच देत नाही. झडप माझ्या हाताने उघडली.

रागावू नका.

विशाखा


भुसावळ
२२ डिसेंबर २०२४

विशाखा बाळा,

मामा लिहीत नाहीत म्हणून मी लिहिते. तुझं पत्र आल्यापासून घर मुकं झालंय. आधी एकजण बहिरा होता, आता मुकाही झाला. पहिल्या दिवशी ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी शेटने दिलेल्या नारळाची करवंटी, ती आजवर फळीवर होती, ती खाली काढून ठेवली. रोज सकाळी ती निळी काच घेऊन कुठेतरी जातात आणि अंगावर राख घेऊन येतात.

तू खरं लिहिलंस ते बरं केलंस. माझा तुझ्यावर राग नाही. पण तू लिहिलंस त्यातली एक गोष्ट मी तुझ्या मामाला अठ्ठावीस वर्षांपूर्वी सांगितली होती, माझ्या अडाणी भाषेत. तेव्हा त्यांनी चिमणीकडे बोट दाखवलं होतं, 'धूर दिसतो का? मग?' पुढचं त्यांनीच सांगावं. माझ्या तोंडून नको.

तुझ्या आईला, रंजनाताईंना, नमस्कार सांग. कुळथाची पिशवी पाठवते आहे.

मामी
अंजनाबाई


भुसावळ
२ जानेवारी २०२५

चि. विशाखा,

पहिले आठ दिवस मी तुझ्यावर रागावलो होतो. नंतरचे आठ दिवस स्वतःवर. आता दोन्ही झाले, म्हणून लिहितो.

मामीने सांगितलंच असेल की मी कुठे जातो. तापीच्या वाटेला वीटभट्ट्या आहेत, तिथे सुकदेव नावाचा भट्टीवाला आहे. त्याच्या भट्टीपुढे रोज बसतो. तू लिहिलंस ते मला समजून घ्यायचं होतं आणि माझ्याजवळ समजून घ्यायला आग सोडून दुसरं पुस्तक नाही. बसून बसून मला तुमच्या मुतारीच्या वासाचा उलगडा झाला असं वाटतं. चूक असेल तर फाडून टाक.

युरिया चौथ्या मजल्यावर फवारता. पूर्ण लोडला तिथे योग्य धग असेल, म्हणून त्या लोकांनी तिथे फवाऱ्याची तोंडं बसवली. पण आग लहान झाली की तिची धग खाली उतरते, हे चुलीपुढे बसणारी कोणतीही बाई सांगेल. म्हणजे रविवारी चौथा मजला मिरचीवर येत असणार. मिरचीच्या धगीत तुमचा युरिया काय काम करणार? तसाच कच्चा निघून जातो, म्हणून वास. आणि चुन्याच्या धगीत घातला तर तो स्वतःच जळून तेच विष होत असेल. त्याला पळस लागतो, पोरी. ज्या रंगाला मी जन्मभर आळशी म्हणालो, नेमका तोच.

तेव्हा लोड निम्मा असताना एकेका मजल्याच्या डोळ्यातून बघ. काच काढून, डोळ्याच्या आतल्या कडेच्या विटा बघ. कोणत्या मजल्यावर विटा पळसासारख्या दिसतात ते शोध आणि तिथून फवारा. काच लावलीस तर सगळंच निळं दिसेल. एक क्षण बघायचं, लगेच मान मागे.

आता ते. तू पाळण्यात होतीस तेव्हाचं आहे. कुसुम आठ वर्षांची होती. आमची खोली चिमणीच्या सावलीत. थंडी आली की ती रात्ररात्र उशीला टेकून बसायची, आडवी झाली की श्वास अडकायचा. मामी म्हणाली, हे तुमच्या चिमणीचं आहे. मी म्हणालो, माझ्या चिमणीतून काय निघतं ते दाखव. ती काय दाखवणार? गिरणीत दुसरेही शंभर वास होते, आणि नक्की कशाने झालं ते आज कोण सांगणार? पण पोर तिथे राहिली असती तर हाताबाहेर गेली असती. म्हणून तिला सुरतेहून इथे भुसावळला मावशीकडे पाठवली. सगळ्यांना सांगितलं, कुसुमलासुद्धा, की तिकडची शाळा चांगली. खोकल्याचं नाव काढलं असतं तर माझ्या आगीवर बोट आलं असतं. भुसावळला ती तीन महिन्यांत बरी झाली. मी म्हणालो, बघा, शाळा मानवली.

तिचा भाऊ प्रज्ञेश आमच्याजवळच राहिला. त्याला काही झालं नाही.

चाचणी झाली की कळव. आकडा उतरला नाही तरी कळव.

भिवा


भेस्तान
१६ जानेवारी २०२५

मामा! मामी!

आधी आकडा सांगते, मग बाकीचं. दोनशे बारा.

मामा, तुमचं पत्र आठ तारखेला मिळालं आणि मी ते धर्मेंद्रभाईंपुढे नेलं. शिडी वाचून दाखवली, मिरची, पळस, हळद, चुना. ते हसले. म्हणाले, वीजघर आहे की मसाल्याचं दुकान? पण हसता हसता उठले आणि कपाटातून धग मोजायचं यंत्र काढलं. रविवारी लोड उतरल्यावर आम्ही दोघे आणि भिकनदादा जिने चढलो. चौथ्या मजल्याच्या डोळ्यात मी काच काढून बघितलं आणि म्हणाले, मिरची. यंत्राने सातशे नव्वद दाखवलं. तिसऱ्या मजल्यावर आलो. कडेच्या विटा आमच्या भेस्तानच्या रस्त्यावर फाल्गुनात पळस फुलतो ना, तशा. मी म्हणाले, पळस. यंत्र म्हणालं नऊशे पंचेचाळीस. युरियाला नऊशे ते हजार लागतं, हे त्यांच्या कागदात लिहिलेलंच आहे. धर्मेंद्रभाई यंत्राकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. "बेन, तारा मामाने अहीं नोकरी आपी दईए?" म्हणाले. तुम्हाला इथेच नोकरी द्यायची का, असं विचारतात!

तिसऱ्या मजल्यावर जादा तोंडं मुळातच ठेवलेली होती, झाकणं लावून बंद. कुणी उघडलीच नव्हती. काखेत कळसा म्हणतात तो हा.

चौदा तारखेला सगळी सुरत गच्चीवर होती. सकाळी कामाला निघाले तर डिंडोलीपासून इच्छापोरपर्यंत आभाळ पतंगांनी भरलेलं, 'काप्यो छे' म्हणून ओरडा चाललेला. लाखो माणसं मान वर करून श्वास घेत होती. मला एकदम वाटलं, यांतल्या एकालाही माहीत नाही की आज आपण एका डोळ्यात बघून काय ठरवणार आहोत. आत आले. लोड निम्मा. आग अर्धपोटी, मळकट. आकडा तीनशे चाळीस. खालच्या झडपेवर माझा हात गेला आणि मी तो मागे घेतला. भिकनदादाने तिसऱ्या मजल्याचे फवारे सुरू केले.

आवाज बदलला नाही. आगही तशीच. पण पडद्यावर आकडा उतरायला लागला, मामा. तीनशे दहा. दोनशे ऐंशी. दोनशे चाळीस. मी तिसऱ्या मजल्यावर धावत गेले, डोळ्यातून बघायला. दिसलं काहीच नाही, तीच केशरी धग. पण मला माहीत होतं की माझ्या डोळ्यासमोर, अगदी हातभर अंतरावर, तुटलेली हवा पुन्हा जुळते आहे. शेतातल्या खताने. मी तिथेच हात जोडले. कुणाला जोडले ते माहीत नाही.

चिमणीखाली वास नव्हता. भिकनदादा छाती भरून श्वास घेऊन म्हणाला, "हाई ते चमत्कारच शे."

माझी जागा कायम झाली. पण मामा, तुम्ही कुसुमताईबद्दल लिहिलंत ते वाचून मी आईला दाखवलं नाही. ते पत्र माझं नाही. ते तिचं आहे. तिला तुम्ही सांगायला हवं.

विशाखा


भुसावळ
२ फेब्रुवारी २०२५

चि. विशाखा,

दोनशे बारा हा आकडा मी घरात खडूने भिंतीवर लिहिला. मामीने पुसला नाही, यावरून काय ते समज.

तिला मी म्हणालो, तू खरं बोलत होतीस. मोठ्याने म्हणालो, त्यामुळे गल्लीने ऐकलं. ती भाजी निवडत होती. पाटी मागितली आणि लिहिलं, 'हे जळगावला जाऊन सांगा.'

म्हणून गेल्या रविवारी जळगावला गेलो. कुसुमच्या घरी मी आजवर पाहुण्यासारखा बसत आलो. ती चहा देते, विचारपूस करते, आणि खोलीत निघून जाते. मला वाटायचं तिचा स्वभाव तसा. या वेळी मी तिला समोर बसवलं. तिच्या मुलीची पाटी मागून घेतली. मग सगळं सांगितलं, पहिल्यापासून. शेटचा नारळ, माझी चुन्यासारखी आग, न दिसणारा धूर, तिच्या मामेबहिणीचा... चुकलो, आतेबहिणीचा पराक्रम, युरिया. म्हणालो, बाळा, तुझी छाती नाजूक नव्हती. माझी आग फार पांढरी होती. तुला शाळेसाठी नाही पाठवलं. तू श्वास घेऊ शकावीस म्हणून पाठवलं, आणि तसं बोलून दाखवायची माझी हिंमत झाली नाही.

तिने पाटी जवळ ओढली. मग लिहिलं. तिचं अक्षर अजून दुसरीतलंच आहे, गोल गोल.

'मला वाटायचं, मी मुलगी म्हणून मला पाठवलं आणि प्रज्ञेशला ठेवलं.'

विशाखा, अठ्ठावीस वर्षं माझ्या लेकीने हे पोटात ठेवलं, आणि मी त्याच अठ्ठावीस वर्षांत लोकांना माझी चिमणी दाखवत होतो. मी रडलो. मला माझा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे किती मोठ्याने रडलो ते माहीत नाही. तिची मुलगी धावत आली. कुसुमने माझा हात धरला. लहानपणी ती श्वास अडकला की धरायची तसाच, मनगटाच्या वर.

पुढच्या शनिवारी आम्ही तिघं सुरतेला येतो. मी, मामी आणि कुसुम. ती त्या वेळी गेली ती परत सुरतेला आलीच नव्हती. तुझ्या साहेबांना विचारून आम्हाला तिसऱ्या मजल्यापर्यंत ने. निळी काच मी बरोबर आणतो, ती आता तुझ्याकडे राहू दे.

कुसुमला चिमणीही बघायची आहे. मी तिला सांगितलं, चिमणीवर काहीही दिसणार नाही. तिने पाटीवर लिहिलं, 'तरी बघायची.'

भिवामामा